लेयरच्या आत सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअर पॅकेज करणं हे माझं रोजचं काम. लेयर म्हणजे प्रोग्रामला उरलेल्या विंडोजपासून वेगळं ठेवणारा आभासी थर. त्यामुळे ‘बाहेर व्यवस्थित इन्स्टॉल होतं, लेयरमध्ये मात्र होत नाही’ हे वाक्य सतत कानावर पडतं. एररचा नंबर दर वेळी वेगळा असतो, पण शोध बहुतेकदा एकाच जागी येऊन थांबतो: इन्स्टॉलरने ही गोष्ट लेयरच्या आत लिहिली की बाहेर, आणि नंतर ती शोधणारा आत उभा आहे की बाहेर? खालची उत्तरं विंडोजपुरती आहेत.

लेयर नक्की करतो काय? व्हर्च्युअल मशीनपेक्षा हे वेगळं कसं?

व्हर्च्युअल मशीनमध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी असते, कर्नलसकट (कर्नल म्हणजे तिचा गाभा). लेयरमध्ये कर्नल तोच, विंडोज तीच. फक्त फाइल आणि रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीच्या) मागण्या वाटेत अडवल्या जातात. प्रोग्राम म्हणतो, ही फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये लिही. लेयर ‘बरं’ म्हणतो आणि गुपचूप स्वतःच्या फोल्डरात लिहितो. वाचताना दोन्ही एकावर एक ठेवून दाखवतो: आपल्याकडे प्रत असेल तर ती, नाहीतर खालची खरी. आतून डिलीट केलेली फाइल खाली जशीच्या तशी राहते. लेयर फक्त ‘ही नाही असं समजा’ अशी खूण करून ठेवतो. ही खूण पुढे त्रास देते, तेव्हा लक्षात असू द्या.

नावं अनेक आहेत. मायक्रोसॉफ्टचं ॲप-व्ही म्हणजे मूळचं सॉफ्टग्रिड, २००६ मध्ये सॉफ्ट्रिसिटी ही कंपनी विकत घेतल्यावर आलेलं. थिनॲप हे २००८ पर्यंत थिनस्टॉल होतं, मग व्हीएमवेअरने घेतलं. सँडबॉक्सी २००४ पासूनचं, २०२० मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला. एमएसआयएक्स २०१८ चं. प्रत्येकाच्या खोडी वेगळ्या, पण तत्त्व हेच.

ड्रायव्हर असलेलं सॉफ्टवेअर लेयरमध्ये का जात नाही?

कारण ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो आणि कर्नल सगळ्यांचा एकच आहे. त्याला आत कोंडून ठेवता येत नाही. अँटिव्हायरस, व्हीपीएन क्लायंट, डाँगलचा ड्रायव्हर, व्हर्च्युअल प्रिंटर हे सगळं याच यादीत. एखाद्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर वेगळा मिळत असेल तर तो मशीनवर नेहमीसारखा टाका आणि उरलेलं सॉफ्टवेअर लेयरमध्ये. मिळत नसेल तर त्या सॉफ्टवेअरचा नाद सोडा. मी एका पीडीएफ प्रोग्रामवर दोन दिवस घालवले होते. शेवटी कळलं की त्याच्यासोबतचा व्हर्च्युअल प्रिंटरच सेटअप मोडत होता. तो घटक निवडीतून काढला आणि सेटअप चार मिनिटांत पार पडला.

एरर १६०३ येते. याचा अर्थ काय?

अर्थ असा काहीच नाही, आणि खरी अडचण तीच आहे. १६०३ म्हणजे विंडोज इन्स्टॉलरने ‘काहीतरी गंभीर बिघडलं’ एवढंच सांगून अंग काढून घेणं. १६०३ टाकून इंटरनेटवर शोधत बसू नका. शंभर उपाय सापडतील, त्यातले नव्व्याण्णव दुसऱ्याच कुणाच्या दुखण्यावरचे.

सेटअप पुन्हा चालवा, पण या वेळी एमएसआयएक्सेकला (विंडोज इन्स्टॉलर चालवणाऱ्या प्रोग्रामला) सविस्तर लॉगचा, म्हणजे घडामोडींच्या नोंदीचा, पर्याय देऊन. हजारो ओळींची फाइल तयार होईल. ती वरून वाचू नका. तिच्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द इंग्रजीत शोधा आणि पहिल्यांदा जिथे सापडतील तिथून वर सरका. दहा-वीस ओळींत खरा गुन्हेगार भेटतो, आणि त्याचा नंबर १६०३ नसतो. लेयरमध्ये मला सर्वांत जास्त भेटणारे असे:

१९०४ म्हणजे एखादी डीएलएल किंवा ओसीएक्स फाइल (प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) रजिस्टर झाली नाही. फाइल आत कॉपी झालेली असते, पण ती ज्या दुसऱ्या फाइलवर अवलंबून आहे ती दिसत नसते. १९२० म्हणजे सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) सुरू झाली नाही, १९२३ म्हणजे ती तयारच झाली नाही. दोन्हींत लेयर सर्व्हिसना परवानगी देतो का ते आधी बघा. १७२२ म्हणजे सेटअपने मधेच चालवलेला एखादा छोटा प्रोग्राम पडला. १९३५ हा असेंब्लीचा (सामायिक घटकांच्या संचाचा) घोळ, त्याबद्दल पुढे ‘साइड-बाय-साइड’च्या प्रश्नात.

लॉगची फाइलच सापडत नाही. नेमकी कुठे जाते?

लेयरच्या आत! तुम्ही सेटअप आत चालवलात, त्याने लॉग टेम्प फोल्डरमध्ये लिहिला, आणि आतला टेम्पही आभासीच आहे. बाहेरच्या एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर उघडलात तर रिकामाच दिसणार. एक तर लेयरचं साठवणीचं फोल्डर उघडून त्यात शोधा (सँडबॉक्सीचं डिफॉल्ट फोल्डर सी ड्राइव्हवर सँडबॉक्स याच नावाने असतं, थिनॲपचं युजरच्या ॲपडेटामध्ये थिनस्टॉल नावाने), नाहीतर लॉगसाठी लेयरमधून वगळलेला एखादा फोल्डर आधीच ठरवून ठेवा. मी नेहमी दुसरा मार्ग धरतो.

सेटअप ‘यशस्वी’ म्हणतो, पण लेयरमध्ये काहीच नाही. मग गेलं कुठे?

हा माझा आवडता प्रश्न, कारण हे एकदा कळलं की निम्म्या तक्रारी आपोआप उलगडतात.

एमएसआय फाइलवर (विंडोज इन्स्टॉलरच्या सेटअप फाइलवर) डबल क्लिक केलं की आपल्याला वाटतं, आपण सुरू केलेली प्रोसेसच फाइली कॉपी करते. तसं नसतं. समोर दिसणारी प्रोसेस फक्त खिडक्या दाखवते आणि ‘पुढे’ची बटणं सांभाळते. प्रत्यक्ष काम विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस करते. तिला तुमच्या प्रोसेसने जन्म दिलेला नसतो, ती विंडोजच्या सर्व्हिस व्यवस्थेतून, सिस्टीमच्या खात्यावर उठते. आता विचार करा: तुमचा लेयर जर ‘आत सुरू झालेली प्रोसेस आणि तिची मुलं’ एवढंच पकडत असेल, तर ही सर्व्हिस त्याच्या कुटुंबातलीच नाही. ती निवांतपणे खऱ्या डिस्कवर लिहून मोकळी होते. सेटअप यशस्वी, लेयर रिकामा, आणि मशीन मात्र खराब.

म्हणून प्रत्येक उत्पादन यावर काहीतरी तोडगा काढतं. काही जण या सर्व्हिसची एक प्रत आतच चालवतात. पण त्या प्रतीला सिस्टीमचे पूर्ण अधिकार नसतात, आणि मग १६०१ किंवा १७१९ असे ‘सर्व्हिसशी संपर्क होत नाही’ छापाचे नंबर दिसतात. सँडबॉक्सी प्लसमध्ये यासाठी एमएसआय इन्स्टॉलरला सवलत देणारा वेगळा पर्याय आहे; तो फक्त इन्स्टॉलपुरता चालू करा. सँडबॉक्सीतच ‘ड्रॉप राइट्स’ चालू असेल तर बरेच इन्स्टॉलर दारातच अडतात, कारण त्यांना ॲडमिनचे अधिकार लागतात. तेही बघून घ्या.

ॲप-व्ही आणि थिनॲप दुसऱ्या वाटेने जातात. एका मशीनवर सेटअप होऊ द्यायचा, त्या वेळी झालेले बदल टिपून घ्यायचे आणि त्यांचंच पॅकेज बांधायचं. तिथे हा प्रश्न येत नाही, खालचा येतो.

माझ्या मशीनवर पॅकेज चालतं, बाकी कुणाकडेच चालत नाही. असं कसं?

तुमचं मशीन स्वच्छ नव्हतं.

कॅप्चर म्हणजे आधीची आणि नंतरची स्थिती यातला फरक. आधीच असलेली गोष्ट फरकात येत नाही. मी एकदा एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं पॅकेज केलं. त्याच्या रिपोर्टमध्ये आलेख यायचे. माझ्याकडे यायचे, बाकी सगळ्यांकडे त्या जागी पांढरा चौकोन आणि त्यात लाल फुली. दोन आठवडे मी ग्राफिक्स कार्डांना दोष देत होतो. मग लक्षात आलं की कॅप्चरच्या मशीनवर मी महिन्यापूर्वी त्याच सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती टाकून काढली होती. अनइन्स्टॉल करताना ‘ही सामायिक फाइल आहे, ठेवू का?’ असा प्रश्न आला होता, आणि मी शहाण्यासारखं ‘ठेवा’ म्हटलं होतं. आलेख काढणारी ओसीएक्स तिथेच बसून राहिली. नव्या सेटअपने पाहिलं, फाइल आहे, आवृत्तीही तीच, म्हणून ती वगळली. कॅप्चरला फरक दिसला नाही. पॅकेजमध्ये ती फाइल कधी गेलीच नाही.

तेव्हापासून कॅप्चर फक्त व्हर्च्युअल मशीनमध्ये, स्नॅपशॉटवर (मशीनच्या जतन केलेल्या स्थितीवर) परत जाऊन. प्रत्येक प्रयत्नाआधी परत, अपयशी प्रयत्नानंतर तर नक्कीच. त्या मशीनवर विंडोज अपडेट, डिफेंडर आणि सर्च इंडेक्सिंग कॅप्चरपुरतं बंद ठेवा, नाहीतर त्यांनी त्या दहा मिनिटांत लिहिलेला कचराही तुमच्या पॅकेजमध्ये येतो. आणि मशीनची विंडोज आवृत्ती वापरणाऱ्यांच्या आवृत्तीशी जुळती ठेवा.

१६१८ आणि ३०१० हे काय आहे?

१६१८ म्हणजे दुसरं एखादं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. बहुतेकदा मागे कुठेतरी अपडेट सुरू असतं. थांबा, पुन्हा करा. ३०१० ही एरर नाहीच: काम झालं, रीस्टार्ट हवं.

पण लेयरमध्ये हेच ‘रीस्टार्ट हवं’ कधी कधी गळ्याशी येतं. वापरात असलेली फाइल बदलायची असली की सेटअप रजिस्ट्रीत एक नोंद ठेवतो: पुढच्या बूटला हिची अदलाबदल करा. ती नोंद लेयरच्या आभासी रजिस्ट्रीत गेली तर खऱ्या बूटला तिचा पत्ताच लागत नाही. अदलाबदल होत नाही, आणि सेटअप दर वेळी उठून पुन्हा रीस्टार्टच मागतो. उपाय एकच: ती फाइल कोण धरून बसलंय ते शोधा, त्याला बंद करा आणि इन्स्टॉल नव्याने करा. रीस्टार्टची गरजच पडता कामा नये.

‘साइड-बाय-साइड कॉन्फिगरेशन’ चुकीचं आहे असा संदेश येतो. काय करू?

एरर १४००१. प्रोग्रामला लागणारं व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम (चालायला लागणाऱ्या तयार फाइली) हव्या त्या आवृत्तीत सापडलं नाही. २००५ आणि २००८ ची रनटाइम विनएसएक्सएस या फोल्डरात राहतात, आणि त्या फोल्डरावर विंडोजचा स्वतःचा पहारा असतो. लेयरला तिथे मोकळेपणी लिहिता येत नाही. वरचा १९३५ सुद्धा अनेकदा इथूनच येतो. नेमकी कोणती आवृत्ती हवी हे विंडोजसोबत येणारं एसएक्सएसट्रेस सांगतं.

माझं मत स्पष्ट आहे: रनटाइम आणि डॉट नेट फ्रेमवर्क लेयरमध्ये कोंबू नका. ती मशीनवर नेहमीसारखी टाका. ‘सगळं एकाच पॅकेजमध्ये’ ऐकायला छान वाटतं, पण वीस पॅकेजेसमध्ये तेच रनटाइम वीसदा भरलं की सुरक्षा अपडेट कुठेकुठे करत बसणार?

३२ बिट आणि ६४ बिटचा इथे काय संबंध?

विंडोज स्वतःच ३२ बिट प्रोग्रामना वेगळ्या फोल्डरात आणि रजिस्ट्रीच्या वेगळ्या फांदीत वळवते. म्हणजे लेयरच्या आधीच एक वळण आहे. त्यात नावंही उलटी: सिस्टीम३२ मध्ये ६४ बिट फाइली, आणि ज्याच्या नावात ६४ आहे त्या सिसवॉव६४ मध्ये ३२ बिट. रजिस्ट्रीत नोंद ‘दिसत नाही’ असं वाटलं तर वॉव६४३२नोड या फांदीखाली बघा. निम्म्या वेळा ती तिथे असते.

फाइल आहे, तरी प्रोग्राम ‘सापडत नाही’ म्हणतो.

दोन शक्यता.

पहिली, पाथची लांबी. जुने प्रोग्राम २६० अक्षरांपुढचा पाथ समजत नाहीत. ॲप-व्ही ५ पॅकेजच्या फाइली प्रोग्रामडेटाखाली ठेवतं, त्या पाथमध्ये पॅकेजचा आणि आवृत्तीचा असे दोन जीयूआयडी (ओळखीचे लांब कोड), प्रत्येकी ३६ अक्षरांचे. म्हणजे तुमच्या फोल्डरचं नाव सुरू होण्याआधीच ७२ अक्षरं खर्ची पडली. त्यापुढे सॉफ्टवेअरने ‘मदत’, ‘नमुने’, ‘जुने नमुने’ असे फोल्डरात फोल्डर केले की मर्यादा ओलांडली जाते.

दुसरी, ती सुरुवातीला सांगितलेली खोडलेपणाची खूण. लेयरच्या आतून कधीतरी अनइन्स्टॉलर चालवला गेला, त्याने एक सामायिक डीएलएल ‘डिलीट’ केली. खरी फाइल बाहेर शाबूत आहे, एक्सप्लोररमध्ये डोळ्यांना दिसते, पण आतून ती नाहीच. अशा वेळी फाइल पुन्हा पुन्हा कॉपी करण्यात अर्थ नाही. लेयर रीसेट करा किंवा ती खूण काढा.

प्रोग्राम उघडताना दर वेळी ‘कृपया थांबा, कॉन्फिगर करत आहे’ असं येतं.

एमएसआयचं स्वयंदुरुस्तीचं खूळ आहे हे. काही शॉर्टकट थेट प्रोग्रामकडे जात नाहीत. ते आधी विंडोज इन्स्टॉलरला विचारतात, या घटकाची महत्त्वाची फाइल किंवा रजिस्ट्रीची नोंद जागेवर आहे ना? लेयरमुळे ती नोंद इन्स्टॉलरला दिसत नाही. मग तो दुरुस्ती सुरू करतो, मूळ एमएसआय शोधतो, ती पॅकेज करणाऱ्याच्या मशीनवर राहिलेली असते, आणि सगळं फिरून तिथेच. शॉर्टकट बदलून थेट ईएक्सई फाइलकडे वळवा. त्याहून चांगलं म्हणजे मुळात इन्स्टॉल करतानाच असे शॉर्टकट बनू नयेत ही प्रॉपर्टी एमएसआयला द्या.

राइट क्लिकच्या मेन्यूत पर्याय येत नाही.

एक्सप्लोरर लेयरच्या बाहेर चालतो. त्याला आतली रजिस्ट्री दिसत नाही, तर पर्याय कुठून दिसणार? उत्पादनात शेल एक्स्टेंशन (एक्सप्लोररमध्ये भर घालणारे असे पर्याय) बाहेर आणून दाखवायची सोय आहे का ते बघा. दोन वेगळ्या पॅकेजेसना एकमेकांची गरज असली तरी हेच: दोघं आपापल्या खोलीत बंद असतात. ॲप-व्हीमध्ये त्यांना कनेक्शन ग्रुपने जोडता येतं. एमएस ऑफिसचे ॲड-इन हे त्याचं नेहमीचं उदाहरण, आणि तिथे आणखी एक गंमत आहे. २०१३ पासूनचं क्लिक-टू-रन ऑफिस स्वतःच ॲप-व्हीच्या तंत्रावर उभं आहे. म्हणजे तुमचा ॲड-इन एका लेयरमध्ये आणि ऑफिस आधीपासून दुसऱ्या!

परवाना दर वेळी नव्याने का मागतो?

एक तर परवाना ज्या मशीनला बांधला ते कॅप्चरचं मशीन होतं. ॲक्टिव्हेशन कॅप्चरच्या वेळी कधीच करू नका. नाहीतर परवान्याची नोंद लेयरच्या अशा भागात जाते जो बंद होताना पुसला जातो.

सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होऊ द्यावं का?

नाही. पॅकेज बांधतानाच तो पर्याय बंद करा. आतून झालेलं अपडेट मूळ पॅकेजमध्ये जात नाही, त्या युजरच्या बदलांच्या थरात जातं. पुढे तुम्ही पॅकेजची नवी आवृत्ती पाठवलीत तरी वरच्या थरातल्या जुन्या फाइली तिला झाकतात. निम्म्या फाइली नव्या, निम्म्या जुन्या. असा खिचडी झालेला प्रोग्राम कधी उघडतो, कधी नाही, आणि दोन्ही वेळा कारण सांगता येत नाही.

अँटिव्हायरस आडवा येतो हे कसं ओळखायचं?

लेयर आणि अँटिव्हायरस दोघंही प्रोसेसमध्ये आपली डीएलएल घुसवतात, कधीकधी तेच फंक्शन अडवण्यासाठी. चाचणीच्या मशीनवर अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करून बघा. नुसता ‘थांबवून’ उपयोग नाही, त्याची डीएलएल तरीही बसलेलीच असते. फरक पडला तर लेयरच्या फोल्डरसाठी आणि प्रोसेससाठी अपवाद मागून घ्या.

यातलं काहीच लागू पडत नाही. आता?

प्रोसेस मॉनिटर. सिसइंटर्नल्सचं हे साधन फुकट आहे आणि याच्यावाचून माझं पान हलत नाही. मी ते असं वापरतो. आधी सेटअप लेयरच्या बाहेर, स्वच्छ मशीनवर चालवून एक नोंद घ्यायची. मग आत चालवून दुसरी. दोन्हीकडे फक्त सेटअपची प्रोसेस, तिची मुलं आणि एमएसआयएक्सेक एवढंच गाळून ठेवायचं. एमएसआयएक्सेक विसरलात तर खरं काम करणाराच सुटतो. निकालाच्या स्तंभात ‘ॲक्सेस डिनाइड’ आधी बघायचं. ‘नेम नॉट फाउंड’ शेकड्यांनी दिसतील, त्यांना घाबरायचं नाही. विंडोज एक फाइल दहा ठिकाणी शोधते आणि नऊ ठिकाणी ती नसतेच. बाहेरच्या नोंदीत सापडलेली आणि आतल्या नोंदीत न सापडलेली अशी पहिली ओळ शोधायची. एररची खिडकी जिथे उघडली त्या क्षणापासून मागे जात वाचलं की ती लवकर मिळते.

सोबत एक कमांड प्रॉम्प्ट लेयरच्या आत उघडून ठेवा. जवळपास प्रत्येक उत्पादनात ती सोय आहे. आतून फोल्डरची यादी काढा, बाहेरून काढा, शेजारी शेजारी ठेवा.

लेयर रीसेट केला तर काय काय जातं?

इन्स्टॉलनंतर आत जे जे लिहिलं गेलं ते सगळं. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे फोल्डर बहुतेक ठिकाणी लेयरमधून वगळलेले असतात, पण ते गृहीत धरू नका. सँडबॉक्सीत तर ते वगळलेले नसतात, तिथून फाइली आधी बाहेर काढाव्या लागतात. जुनी सॉफ्टवेअर युजरचे नमुने, शब्दकोश, कधी कधी अख्खा डेटाबेस प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेवतात. मी एकीचे पत्रांचे साठ-सत्तर नमुने असेच घालवले आहेत. तिने ते ‘सेव्ह’ केले होते, आणि सेव्हच्या खिडकीत पाथ अगदी खरा, सी ड्राइव्हचाच दिसत होता.